येऊ दे, येऊ दे

१

फोर-व्हीलची गाडी गॅरेजात आली की मी आधी चहा मागवतो आणि गिऱ्हाइकाला बोलू देतो. लोक खोटं बोलतात असं नाही, पण अर्धी गोष्ट गिळतात. "काही नाही हो, दांडी जरा जड झालीय," बोलतात, आणि खाली शिरून बघावं तर गाडी कुठल्यातरी ओढ्यात घालून आणलेली असते. म्हणून बोलू द्यायचं. बोलता बोलता खरं काय ते बाहेर पडतं.

मी तानाजी. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये गॅरेज आहे, गिअरबॉक्स आणि फोर-व्हील सोडून दुसरं काम घेत नाही. गुडघे गेलेत, कंबर गेलीय. डाव्या कानाला इंजिनचं सगळं ऐकू येतं आणि बायकोचं काही येत नाही, असं बायको बोलते. खरं तर आता हे काम मला नको झालंय. पण दुसरं येतंय काय आपल्याला?

गेल्या गुरुवारी जे गिऱ्हाईक आलं ती माझीच पोरगी, हेमांगी. ती माती तपासणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. कुठे टॉवर उभा राहायचा असला की ह्यांची माणसं आधी जाऊन जमिनीला भोकं पाडतात आणि खालची माती काढून बघतात. टिटवाळ्याच्या पुढे सध्या जिकडे तिकडे तेच चाललंय. कंपनीची डबल केबिन पिकअप घेऊन आलेली. मागे उघडा हौदा, दोन्ही बाजूंना वाळलेला चिखल.

"पप्पा, चहा नको मला, घाईत आहे. हिचं फोर-व्हील बघा."

"काय होतंय?"

"फोरमध्ये जाते. परत येत नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. अशा गाडीत गिअरच्या शेजारी आणखी एक छोटी दांडी असते. ती 'टू'मध्ये असली की इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं. चिखल आला की 'फोर'मध्ये टाकायची, मग पुढची चाकंपण ओढायला लागतात. पक्का रस्ता लागला की परत 'टू'. कधी कधी आतले दाते एकमेकांत आवळून बसतात आणि दांडी सुटत नाही. त्याचा उपाय सगळ्या ड्रायव्हरना माहीत असतो. गाडी सरळ थोडी मागे घ्यायची. ताण जातो, दांडी सुटते.

"मग मागे घ्या की," मी बोललो. "त्याच्यासाठी इथवर आलीस?"

"घेतो ना. आधी हातभर मागे घेतली की सुटायची. मग गाडीभर घ्यावी लागायची. आता ऋतुराज बोलत होता, मागे घेतच राहावं लागतं."

ऋतुराज म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. तो कुठे आहे विचारलं, तर काम सोडून गेलेला. फोन उचलत नव्हता. "सोमवारपासून मीच चालवणार," हेमांगी बोलली. "नवीन प्लॉट आहे पप्पा. पहिल्यांदा एक अख्खी साइट माझ्या एकटीच्या हातात दिलीय."

"कुठे?"

"टिटवाळ्याच्या पुढे. जुनी दगडाची खदान आहे, पाणी भरलेलं. तिच्या काठाला लागूनच."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. मागे घेतच राहावं लागणारी गाडी, मागे खदानीचं पाणी, आणि स्टेअरिंगवर माझी पोरगी. सोमवारच्या आत ही गाडी माझ्या हातून धड व्हायला पाहिजे होती. बाकी मला काही नको होतं.

२

गोपीनाथ माझा जोडीदार आहे, गॅरेज उघडलं तेव्हापासून. तो कमी बोलतो आणि जे बोलतो ते वाकडं बोलतो. गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा तो बोलला, "पोरीची गाडी म्हणून फुकटात जास्त काम करायला लावणार तू."

लावलं. दांडीपासून खालपर्यंत सगळा जोड सोडला. बुश बघितले, आतला फोर्क बघितला, दाते बघितले. कुठे झीज नाही, कुठे वाकलेलं नाही. चाकं हवेत ठेवून इंजिन चालू केलं. टूमध्ये पुढची चाकं गप्प. फोरमध्ये चारही फिरतात. परत टू, परत गप्प. वीस वर्षांत इतकी चांगली ठेवलेली गिअरची पेटी मी क्वचित बघितली असेल.

मग ऑइल काढलं. आणि ते पांढरं आलं.

ऑइलमध्ये पाणी गेलं की ते दुधासारखं होतं, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण ह्या पेटीत पाणी जायचं तर गाडी दारापर्यंत पाण्यात उभी पाहिजे, आणि थोडा वेळ नाही, चांगली मुरलेली पाहिजे. गोपीनाथने बोट बुडवलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मीपण घेतला. विहीर उपसताना शेवटी खालून जो गाळ येतो ना, तो वास.

हेमांगीला फोन लावला. "गाडी पाण्यात घातलेलीत काय?"

"नाही हो पप्पा. चिखलात जाते तेवढीच."

"खरं सांग."

"अहो, लॉगमध्ये रोजचे फोटो आहेत गाडीचे. पाण्यात कधी गेलीच नाही."

मी स्वतःला समजावलं. पेटीला वरून हवा जायला एक बारीक नळी असते, तिचं टोपण गेलं असेल. धुवायला नेली असेल आणि कोणीतरी प्रेशरचं पाणी तिथेच मारलं असेल. असं होतं. टोपण बघितलं तर जागेवर होतं. तरी नवीन बसवलं, नवीन ऑइल भरलं आणि इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर गाडी फिरवून आणली. फोर, टू, फोर, टू. एका बोटाने दांडी जात येत होती.

"झालं," गोपीनाथ बोलला. "दे आता पोरीला."

पण माझ्या मनाला पटलं नाही. तो ऋतुराज गाडी सोडून का पळाला हे कळल्याशिवाय मी ती देणार नव्हतो.

३

ऋतुराज वर्तकनगरला राहतो, जुन्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर. शनिवारी संध्याकाळी गेलो. जिने चढताना गुडघ्यांनी माझा उद्धार केला. दार त्याच्या आईने उघडलं आणि तो बाहेर आला तो दार ओढून घेऊनच, म्हणजे आईला ऐकू जाऊ नये असं काहीतरी होतं.

"काका, गाडीत काही नाहीये. गाडी चांगलीय."

"मग सोडलीस कशाला?"

"मागे घ्यायचा कंटाळा आला."

"हे काय कारण झालं?"

तो जिन्याच्या कठड्याला टेकला. पोरगा तिशीचाही नसेल, पण डोळ्यांखाली असं काळं झालेलं की मलाच त्याला बस म्हणावंसं वाटलं. "काका, मागून कोण हात मारत असला तर तुम्ही आरशात बघता काय?"

प्रश्न येडा नव्हता. गाडी मागे घेताना एक माणूस मागे उभा राहतो आणि हौद्यावर तळहात मारतो. थप, थप, थप, म्हणजे येऊ दे, येऊ दे. दोनदा जोरात मारला की थांब. आपल्याकडे ट्रक असो, टेम्पो असो, सगळं ह्याच्यावर चालतं. आणि खरं सांगायचं तर मागे हात पडायला लागला की आरशात कोणी बघत नाही. कान त्या हाताकडे आणि पाय क्लचवर. मीपण नाही बघत.

"नाही बघत," मी बोललो.

"मीपण नाही बघायचो. तो मारतोय, मी घेतोय. सुटली दांडी की थांबायचो. पण आता सुटतच नाही लवकर, आणि तो थांब बोलतच नाही. नुसतं येऊ दे, येऊ दे."

"कोण तो? साइटवरचा कोण?"

"ते नाही मला सांगायचं." त्याने दाराकडे बघितलं. "हेमांगी मॅडमना सांगा, अडकली तर मागे घेऊ नका. तशीच फोरमध्ये चालवत आणा ठाण्यापर्यंत. टायर गेले तर गेले, पेटी फुटली तर फुटली."

मला राग आला. एवढा धडधाकट ड्रायव्हर आणि जिन्यात उभा राहून असलं काहीतरी बरळतोय. "घेतोस काय रे काही?" मी सरळ विचारलं. तो चिडला नाही. "घ्यायला लागलो तर बरं होईल," एवढं बोलून आत गेला. खाली कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि मी उगाच दचकलो. मग स्वतःवरच वैतागून खाली उतरलो.

४

रविवारी जेवायच्या आधीच गोपीनाथला बाजूला बसवला आणि गाडी घेऊन निघालो. ज्या जागेवर अडकते त्या जागेवर बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. भिवंडी बायपास, कोन, दुर्गाडीचा पूल, शहाड. ऊन असं की डॅशबोर्डला हात लावायची सोय नाही. गोपीनाथ वाटभर कुरकुरत होता, रविवारचा मटणाचा बेत टाकून आलोय म्हणून.

टिटवाळा मागे पडलं. नव्या बिल्डिंगा संपल्या, अर्ध्या बिल्डिंगा सुरू झाल्या, मग त्याही संपल्या. डाव्या हाताला मुरमाचा रस्ता फुटतो, तो खदानीवर जातो. पत्र्याचं कुंपण, त्याला फाटक, फाटकाला कडी नुसती अडकवलेली. आत माणूस नाही. भोकं पाडायचं मशीन ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं. खदान भल्यामोठ्या चौकोनी हौदासारखी आहे, सरळ कापलेल्या भिंतींची, आणि पाणी बरंच खाली. हिरवं नाही, काळं. वारा होता, पण पाण्यावर लाट काही दिसत नव्हती. खोल जागा असली की असं असेल, मी म्हटलं.

फोरमध्ये टाकून खाली चिखलात उतरलो, एक चक्कर मारली, वर आलो. वरचा मुरूम दाबून कडक झालेला. दांडी टूकडे ओढली.

नाही आली.

परत ओढली. दोन्ही हातांनी ओढली. भिंतीत पुरलेला खिळा ओढावा तशी.

"बघ, लागली," मी गोपीनाथला बोललो. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगतो. आजार दिसला की औषध सापडतं. तो काहीतरी पुटपुटत दार उघडून उतरला. मी रिव्हर्स टाकला, क्लच अलगद सोडला. मागे हौद्यावर हात पडला. थप. थप. थप.

घेत गेलो. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा दांडीवर. दांडी हलेना. थप, थप. गाडी सावकाश मागे चाललेली. गोपीनाथ तोंडाने काही बोलत नव्हता, पण त्याचं ते नेहमीचंच. उजव्या आरशाच्या कोपऱ्यात हौद्याच्या कडेला निळी बाही दिसली, कोपरापर्यंत दुमडलेली. आम्ही दोघं निळेच शर्ट घालतो. मी परत दांडीकडे बघितलं. थप, थप, थप. ऐकायला बरं वाटत होतं ते. दमलेल्या माणसाला कोणीतरी बोलावं ना, ये, ये, बस इथे, तसं. डोळे मिटले असते तरी चाललं असतं.

मग समोर काचेतून मला गोपीनाथ दिसला.

तो समोरून पळत येत होता. रस्त्याच्या पुढच्या वळणाकडून. दोन्ही हात वर करून, तोंड उघडं, ओरडत.

आणि मागे थप, थप.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. त्या शांततेत मागे आणखी एकदा हात पडला, हळू, आता ये ना अशा लाडीगोडीने. मग काही नाही. नंतर मुरमाचे खडे सुटायचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने ते खाली पाण्यात पडायचा.

गोपीनाथने मला दार उघडून खेचून काढलं. मागचं चाक काठापासून वीतभर राहिलेलं. "मेलास काय रे तू?" तो बोलला आणि त्याचा आवाज फाटला. "मी किती ओरडतोय!"

"तू मागे होतास ना?"

"मी कुठे मागे? तुला बोलून गेलो ना, पुढे कडक रस्ता कुठवर आहे बघून येतो म्हणून!"

मागे कोणी नव्हतं. लपायला झाड नाही, खड्डा नाही. एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मी आत हात घालून दांडीला नुसतं बोट लावलं आणि ती टूमध्ये येऊन बसली.

५

परतताना दुर्गाडी आल्यावर गोपीनाथ बोलला, "कुठला तरी मजूर असेल. गंमत करायची म्हणून मारला असेल हात आणि पळाला असेल." मी "हो" बोललो. त्याचा विश्वास नव्हता, माझाही नव्हता. पण दोघांनी मिळून ते बोललं की जरा हलकं वाटलं. माझा कान खराब झालाय, ऊन लागलं, निळा शर्ट तर अर्ध्या ठाण्याचा असतो. असं सगळं मी घर येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

गॅरेजवर येऊन ऑइल काढून बघितलं. परवा भरलेलं कोरं ऑइल. पांढरंफटक. गोपीनाथने ह्या वेळी वास घेतला नाही. त्याने तो ट्रे उचलून बाहेर नेऊन ठेवला आणि साबणाने हात धूत राहिला.

घरी हेमांगी जमिनीवर बसून बॅग भरत होती. बूट, हेल्मेट, मातीच्या पिशव्या. मी समोर खुर्चीत बसलो.

"उद्या नको जाऊस."

"गाडी झाली नाही काय?"

"गाडी झाली. जागा चांगली नाही ती."

"म्हणजे?"

म्हणजे काय सांगू? मागे नसलेल्या माणसाने मला पाण्यापर्यंत नेलं, असं सांगू? इंजिनिअर पोरीला? "काठ कच्चा आहे," मी बोललो. "मुरूम सुटतोय."

"पप्पा, काठ कच्चा आहे की नाही हे बघायलाच तर मला पाठवतायत." ती हसली, मग माझं तोंड बघून हसायची थांबली. "किती वर्षं मी दुसऱ्यांच्या साइटवर नुसत्या पिशव्या उचलल्यात, तुम्हाला माहीतेय ना? उद्या नाही गेले तर बोलतील, मुलगी आहे, घाबरली. मग परत पिशव्या."

"दुसरी गाडी ने."

"दुसरी गाडी आहे कुठे? तुम्ही केलीय ना ही? मग मला कसली भीती?"

आतून माझी बायको सुमती बोलली, "अहो, लहान आहे काय ती आता? जेवून घ्या." मी जेवलो. चव कशाचीच लागली नाही. पोरीवर एवढा जीव आहे आणि तिला अडवायला एक धड वाक्य सुचत नाही, ह्याचा मला स्वतःचाच संताप येत होता.

हात धुताना मात्र डोक्यात उजेड पडला.

६

आज सोमवार. उजाडल्याबरोबर गॅरेजवर आलो आणि गाडीखाली शिरलो. पेटीपासून पुढच्या चाकांना जोर नेणारा एक लांब लोखंडी दांडा असतो, पुढचा शाफ्ट. तोच काढून टाकला. दोन्हीकडचे बोल्ट सोडले, शाफ्ट ओढून बाहेर काढला, उघड्या तोंडाला झाकण बसवलं. एवढंच काम. आता आत काही होऊ दे, छोटी दांडी कुठेही जाऊ दे, पुढच्या चाकांना जोर पोहोचणारच नाही. ही गाडी आता फक्त मागच्या चाकांची.

म्हणजे काय होईल? खदानीचा तो चिखल लागला की ती पहिल्याच ठिकाणी रुतेल, नाहीतर उतरायच्या आधीच चाकं फिरवत उभी राहील. हेमांगी वैतागेल, मला शिव्या घालेल, गाडी वर रस्त्यावर सोडून चालत खाली जाईल. काठावर गाडी जाणारच नाही, तर मागे घ्यायचा प्रश्न कुठे येतो? काम तिचं होईल आणि जीवपण राहील. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कंपनीने गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली असती, आणि तिथल्या माणसाने शाफ्ट चढवून दिला असता.

नवाच्या सुमारास ती रिक्षाने आली. किल्ली दिली. "सावकाश जा," मी बोललो, आणि उगाच काच पुसत राहिलो.

"काच फुटेल पप्पा," ती बोलली आणि गेली.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होतो. मग आत येऊन शाफ्ट बाकड्यावर ठेवला, गोणपाटावर. गोपीनाथला सांगितलं काय केलं ते. तो बराच वेळ हसला. "पोरीला फसवलंस," बोलला, "पण डोकं चालवलंस." मी खूप दिवसांनी पाय पसरून बसलो. अंग असं जड झालं की तिथल्या तिथे झोप लागेल असं वाटलं.

७

फोन वाजतोय. हेमांगी.

"पप्पा! काय मस्त केलीत गाडी!"

"पोहोचलीस?"

"कधीच. खाली जाऊन पण आले."

"चालत?"

"चालत कशाला? गाडीने. काय चिखल आहे हो इथे, माझे तर बूटच गेले असते. फोरमध्ये टाकली आणि पुढची चाकं काय ओढतायत, बापरे! आजवर कधी अशी ओढली नव्हती."

मी बाकड्याकडे बघतो. शाफ्ट तिथेच आहे, गोणपाटावर. मी हात लावून बघतो. गार आहे. पलीकडे गोपीनाथचं हसू जातं, त्याला माझा चेहरा दिसलाय.

"हेमा, ऐक माझं. आत्ताच्या आत्ता गाडी बंद कर आणि खाली उतर."

"काय?"

"उतर खाली! गाडी तिथेच सोड, चालत फाटकापर्यंत जा!"

"आवाज कटतोय तुमचा. वरच आहे मी आता, कडक जागेवर. फक्त टूमध्ये येत नाहीये, तेवढं..."

"मागे घेऊ नकोस! हेमा! मागे अजिबात घेऊ नकोस!"

तिने ऐकलं की नाही कळत नाही. तिकडून इंजिनचा आवाज येतो, रिव्हर्सचा, बारीक, कण्हल्यासारखा. आणि त्याच्या मागे पत्र्यावर हात. थप. थप. थप. गोपीनाथ गाडीची चावी उचलून बाहेर धावलाय, पण इथून टिटवाळा म्हणजे कुठल्या कुठे. मी ओरडतोय. काय ओरडतोय ते माझं मलाच कळत नाही. तिच्या नावाने, लहानपणीच्या नावाने, नुसता ओरडतोय.

"अहो, हळू!" तिचा आवाज जवळ येतो, वैतागलेला, लाडका. "एक तर फोनवर बोला, नाहीतर मागून बोला. दोन्हीकडून तुमचाच आवाज येतोय, मला काही कळत नाहीये."

"हेमा, मी गॅरेजमध्ये आहे गं. मी इथे आहे, वागळे इस्टेटला!"

ती हसते. "हो का? मग आरशात कोण आहे? एवढ्या लांब मागून मागून आलात आणि बोललात पण नाही. बाजूला सरका जरा, लागेल तुम्हाला."

"हेमा..."

"घेते, घेते," ती बोलते, आणि ते माझ्याशी नाही. "तुम्ही मागे आहात म्हणून हां पप्पा. नाहीतर इथे गाडी मागे घ्यायची माझी हिंमतच झाली नसती."